पूर ओसरल्यावर गाव पुन्हा उभं करताना: खान्देशातल्या कार्यकर्त्यांसाठी टिपण

"पानी वनं, पानी गयं, गारा ऱ्हायी गया," एक आजी ओट्यावर बसून म्हणाली होती. पाणी आलं, पाणी गेलं, गारा म्हणजे चिखल राहून गेला. पुराची बातमी तीन दिवस चालते, गारा मात्र तीन महिने राहतो. हे टिपण त्या गाऱ्यासाठी आहे.

समुद्रकाठची चक्रीवादळं खान्देशात थेट येत नाहीत, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री अजिंठ्याच्या डोंगरात पाऊस कोसळला. कन्नड घाटात दरडी आल्या आणि ३१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या शिरल्या. त्याआधी २०१८ च्या ऑगस्टमध्ये नवापूरला रंगावली नदीनं घरं नेली, २०१९ ला धुळ्यात पांझरा काठ सोडून वाहिली. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनचं वादळ तासाभरात उभी केळी आडवी करतं. आपल्या नद्या लहान आहेत, वरून उतार आहे, म्हणून पाणी झपाट्यानं चढतं आणि झपाट्यानंच उतरतं. बाहेरची मदत पोचते तोवर पाणी गेलेलं असतं. पुढचं काम गावाला आणि आसपासच्या चार गावांतल्या पोरांनाच करावं लागतं.

आत शिरण्याआधी

पाणी उतरलं की प्रत्येकाला पहिल्यांदा आपलं घर बघायचं असतं. तिथंच माणसं जातात. डीपी बंद आहे हे वायरमनच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणी बोर्डाला हात लावायचा नाही. "लाईट तर गेलेलीच आहे" हा हिशेब चालत नाही, कारण ती कधीही येते. घरात जाण्याआधी मेन स्विच खाली करा, सिलिंडरची नळी काढा.

खान्देशातली जुनी घरं धाब्याची. मातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा थर. पावसात धाबं भिजून जड होतं, पुरात भिंतीचा पाया भिजतो. गंमत अशी की भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि दोन-तीन दिवसांनी ऊन पडलं की बसते. माती वाळताना आकसते, तिला भेग जाते, वरचं ओझं तसंच असतं. म्हणून उघडीप पडल्याच्या आनंदात धाब्याखाली झोपायला जाऊ देऊ नका. भिंतीला फुगवटा, कोपऱ्यात उभी भेग किंवा दरवाजाची चौकट तिरपी दिसली तर घर रिकामं ठेवा, बाहेरून टेकू द्या. सामान काढायचंच असेल तर एक माणूस आत, एक बाहेर भिंतीकडे बघत उभा.

लाकडाच्या ढिगात, कणगीखाली, गोठ्याच्या गव्हाणीत साप बसलेले असतात. काठीनं आवाज करत जा, पायात बूट घाला. चावलाच तर मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. हे दोन्ही नंबर शाळेच्या भिंतीवर खडूनं मोठे लिहून ठेवा, कारण निम्म्या लोकांचे मोबाईल भिजलेले असतात.

वही

एक दोनशे पानी वही आणि दोन पेन. मदतीचा ट्रक येण्याआधी ही वही झाली पाहिजे.

यादी कुठून सुरू करायची? आपण नेहमी चावडीपासून सुरू करतो आणि तिथंच चुकतो. खान्देशातल्या पुष्कळ गावांत भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, नदीकडेला असते. पाणी तिथं पहिल्यांदा शिरतं, सगळ्यात उशिरा निघतं आणि मदतीची गाडी मात्र बसस्टँडवर उभी राहून रिकामी होते. म्हणून यादी नदीकाठून वर चढवत आणा. पहिलं नाव पाण्याला सगळ्यात जवळ असलेल्या झोपडीचं.

प्रत्येक कुटुंबाला एक पान द्या. किती माणसं, त्यात बाळंतीण, गरोदर बाई, अंथरुणावरचं म्हातारं, रोजच्या गोळ्या लागणारं कोणी आहे का. घर कोणाच्या नावावर. भिंतीवर पाण्याची रेघ किती फुटांवर. पाणी केव्हा शिरलं आणि केव्हा उतरलं, तारीख आणि वेळेसकट. याला कारण आहे: कपडे आणि भांड्यांच्या मदतीला केंद्राच्या २०२५-२६ पर्यंतच्या निकषांत, घर वाहून गेलं नसेल किंवा पूर्ण पडलं नसेल तर, दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिल्याची अट होती. ती सवलतीनं कधी शिथिल होते, कधी नाही, पण वेळ लिहिलेली असली की बोलता येतं. मग जनावरं किती गेली, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, धान्य किती भिजलं, कोणते कागद गेले. शेवटचा रकाना रिकामा सोडा: "पैसे आले का?" तो भरायला आखाजी (अक्षय तृतीया) उजाडेल.

आधार कार्डाचे, पासबुकाचे फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. एकाच माणसाच्या फोनमध्ये ठेवा, काम झालं की पुसा.

आधी फोटो, मग फावडं

ही माझ्या हातून झालेली चूक आहे. एका गावात आम्ही चाळीसेक पोरं ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्याच दिवशी पोचलो. अंगात जोर होता. संध्याकाळपर्यंत एक अख्खी गल्ली धुऊन काढली, भिजलेली ज्वारी-बाजरी उकिरड्यावर टाकली, पडलेल्या भिंतीची माती उचलून रस्ता मोकळा केला. बायकांनी चहा पाजला, आम्ही खूश. पंचनाम्याचं पथक चौथ्या दिवशी आलं आणि त्यांना स्वच्छ घरं दिसली. पथकाचा काय दोष? जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. पूर्ण पडलेली तीन घरं कागदावर "अंशतः" झाली, आणि तो फरक भरून काढायला त्या लोकांनी तालुक्याला किती चकरा मारल्या ते मी मोजलेलं नाही.

तेव्हा क्रम असा. घरासमोर घरमालकाला उभं करून एक फोटो, त्यात शेजारचं घर किंवा मंदिर असं ओळखीचं काहीतरी दिसू द्या. मग आतल्या प्रत्येक खोलीचा, पाण्याच्या रेघेवर टेप धरून एक, धान्याचा, मेलेल्या जनावराचा बिल्ल्यासकट. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. साध्या कागदावर काय पडलं, काय वाहिलं ते लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. एका घराला वीस मिनिटं लागतात. एवढं झालं की पथकाची वाट बघत गाऱ्यात बसू नका, लागा कामाला. काळ्या मातीचा गाळ ओला असतो तोवर घमेल्यात येतो. एकदा वाळला की टिकाव लागतो.

गाळ

गाळ टाकायचा कुठं हे आधी ठरवा. घाईत तो गटारीत जातो आणि पुढच्या पावसात तीच गल्ली पुन्हा भरते. गावाबाहेर एक जागा ठरवून ट्रॉलीच्या फेऱ्या लावा. घराच्या आतल्या टोकापासून दाराकडे ओढत या. पक्क्या घराला पाण्याचा फवारा चालतो, मातीच्या भिंतीवर मात्र पाईप सोडू नका. पुरानं ठेवलेली भिंत तुम्ही पाडाल. तिथं खराटा आणि ओलं फडकं.

फरशी धुतल्यावर टीसीएल पावडरचं (ब्लिचिंग पावडर) पाणी मारा, लिटरला साधारण ३० ग्रॅम. नाकाला फडकं बांधा. ते फिनाईल किंवा अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो.

पुराच्या पाण्यात बुडालेलं धान्य वाळवून दळायचा मोह सगळ्यांना होतो. वर्षाची बाजरी टाकताना जीव तुटतो, हे खरं. पण त्या पाण्यात उकिरडा होता, संडासाची टाकी होती, शेतातलं औषध होतं. बुरशी आलेलं धान्य ढोरांनाही घालू नका.

विहीर आणि पाणी

पुराचं पाणी आत गेलेली विहीर उपसायची, पण जमीन ओलीगच्च असताना एका दमात नाही. बांधकाम नसलेली विहीर बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबानं आत ढासळते. थोडं उपसा, थांबा, पुन्हा उपसा. आणि साफ करायला कोणी खाली उतरू नका. तळाशी साचलेल्या वायूनं एकामागोमाग एक माणसं गेल्याच्या घटना दरवर्षी घडतात.

टीसीएल किती टाकायचं याचा हिशेब सोपा आहे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ०.७८५ नं. हे झाले घनमीटर. हजारानं गुणलं की लिटर. व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर असेल तर सुमारे ६३ हजार लिटर. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण १६० ग्रॅम. पुरानंतर गढूळ पाण्यात दुप्पट धरा. पावडर थेट फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, उरलेलं पाणी भरा, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोरानं विहिरीत सोडून वर-खाली हलवा. खालचा चुना फेकून द्या. तासाभरानं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्या. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन उरलंय, रंगच आला नाही तर मात्रा पुन्हा द्या. टीसीएलची उघडी पडलेली जुनी गोणी असेल तर तिच्यात जोर राहिलेला नसतो, हे लक्षात असू द्या. तोवर प्यायचं पाणी टँकरचं नाहीतर उकळलेलं.

गाऱ्यात काम करताना पायाला जखम असेल तर झाकून घ्या. नंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात "पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) संशय डॉक्टरला तेवढ्यावरून येतो.

ढोरं

मेलेल्या जनावराला पुरण्याची घाई असते, वास सुटतो. तरी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला आधी बोलवा, शवविच्छेदनाच्या कागदाशिवाय मदत अडकते. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा नंबर १९६२. खड्डा सहा-सात फूट खोल, विहीर आणि नाल्यापासून लांब उंचवट्यावर, खाली-वर चुना. वाचलेल्या ढोरांना घटसर्प आणि फऱ्याची लस झाली आहे का ते विचारा. ओला चारा कुजतो, म्हणून कोरड्या गावांतून कडबा आणि कुट्टी मागवा. हे दान कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ज्याची म्हैस दाव्याला उपाशी उभी आहे त्याला तुमच्या बिस्किटांचा उपयोग नसतो.

पंचनामा

घराचा, शेताचा, जनावराचा पंचनामा वेगवेगळा होतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक (पदांची नावं आता बदललीत, गावात जुनीच चालतात) येतील तेव्हा वही घेऊन त्यांच्यासोबत फिरा. तेही दिवसाला दहा गावं करत असतात. तयार यादी मिळाली तर त्यांनाही बरं वाटतं. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये बरोबर आहे का, पीक तेच आहे का, ई-पीक पाहणीत वेगळंच काही नोंदलंय का. केळी असेल तर नोंद कोणत्या गटात झाली, जिरायती, बागायती की बहुवार्षिक, ते बघा. कोऱ्या कागदावर सही करू नका, झालेल्या पंचनाम्याचा फोटो घ्या.

२०२२-२३ ते २०२५-२६ साठी केंद्राचे दर असे होते: सपाटीवर पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये, झोपडीला ८,०००. निदान पंधरा टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. दुभत्या गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळीला ४,०००. पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,०००, म्हणून गाळात पट्टी रोवून फोटो घ्या. प्रत्येक आपत्तीला राज्य सरकार स्वतःचा शासन निर्णय काढतं आणि दर, हेक्टरांची मर्यादा बदलतं, तेव्हा त्या वेळचा निर्णय वाचा. केळीचा फळपीक विमा असेल तर वादळाचं नुकसान ७२ तासांत कळवायचं असतं, ते पंचनाम्याच्या भरवशावर सोडू नका.

आता अडचणीची गोष्ट. भिलाटीतल्या अनेक घरांचा कागदच नसतो, जागा गावठाणाबाहेर असते. पथक "नावावर काही नाही" म्हणून पुढं सरकतं. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीचा उतारा), वीजबिल, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, जे सापडेल ते आदल्या रात्री गोळा करून ठेवा. काहीच नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या की हे कुटुंब इतकी वर्षं इथं राहतंय. बटाईनं (वाट्यानं) शेत करणाऱ्याचं तसंच: पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला जातात, बियाणं-खत मात्र याचं गेलेलं असतं. मालक आणि बटाईदार दोघांना पुरानंतर लगेच समोरासमोर बसवून वाटणी कागदावर आणा. पैसे खात्यात पडल्यावर ही बैठक होत नाही. आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, तर कुठल्याच कागदावर नाही. आखाजीला उचल घेऊन बसलेला असतो, मालकाचं शेत वाहिलं की दोघंही अडकतात. त्याच्या घरासाठी गावाचा निधी आणि रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी, एवढेच रस्ते मला सापडलेत.

मदत काय आणायची

जुने कपडे आणू नका. प्रत्येक पुरात शाळेच्या व्हरांड्यात फाटक्या साड्यांचा डोंगर होतो आणि शेवटी तो जाळावा लागतो. लागतात त्या वस्तू अशा: ताडपत्री, सतरंजी, चादर, फावडी, घमेली, खराटे, टॉर्च, भांड्यांचा संच, स्टोव्ह, सॅनिटरी पॅड, नवी आतली कापडं, मच्छरदाणी, पोरांच्या वह्या. वाटप घरोघरी वहीतल्या नंबरानं करा, रांग लावून नको. रांगेत धडधाकट माणूस पुढं असतो. घेणाऱ्याचा हात पुढं करून फोटो काढणं टाळलंत तर बरं.

पहिले दोन दिवस सगळे खिचडीच आणतात, आणि खान्देशी माणूस खिचडीवर खूश असतो. चौथ्या दिवशी त्याला भाकर हवी असते. तेव्हा पीठ वाटत बसण्यापेक्षा गावातली पिठाची गिरणी सुरू करा. एका गावात आम्ही मोटर खोलली तेव्हा आतून ओंजळभर गाळ आणि एक मेलेली मासोळी निघाली. स्वच्छ पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवली, मग वायरमननं मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासली आणि वाइंडिंग वाचलेलं निघालं. ओली मोटर चालू करून बघितली असती तर जळालीच असती. शेतातल्या मोटरी आणि स्टार्टरलाही हाच नियम. पट्टा फिरला, पहिलं दळण पडलं आणि ओट्यावर बायका डबे घेऊन बसल्या. गाव परत आलंय असं मला त्या आवाजानं वाटलं.

भिजलेले कागद ओढून वेगळे करू नका. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून सावलीत वाळवा. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाईन मिळतो. आधार, रेशन कार्ड, शाळेच्या दाखल्यांसाठी तहसीलदारांकडे गावातच एक दिवसाचं शिबिर मागा, लेखी. आणि शाळा शक्य तितक्या लवकर मोकळी करून द्या, मुक्काम समाजमंदिरात हलवा. पोरं वर्गात गेली की आयांना घर आवरायला चार तास मिळतात.

शेत

पहिलं काम चर काढून पाणी बाहेर. कपाशीची झाडं उभ्या-उभ्या मलूल झाली तर आकस्मिक मर समजा. पाणी निघाल्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पोटॅश, २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड असं द्रावण करून झाडाला १०० मिली आळवणी करा. आडव्या केळीत घड तयार असेल तर त्याच दिवशी व्यापाऱ्याला गाठा, भाव पाडतील तरी. नसेल तर खोड कापून जोमदार पील (बुंध्याशी फुटलेला कोंब) ठेवा आणि बाग लवकर मोकळी करा, करपा वाढू देऊ नका.

बारीक गाळाचा पातळ थर नांगरटीत मिसळून जातो, वाळूचा थर मात्र उचलावाच लागतो. खरीप पूर्ण गेलं असेल आणि जमीन काळी असेल तर दादर (रब्बी ज्वारी) आठवा. तापीकाठची माणसं पूर उतरलेल्या ओलीवर दादर घेत आलीत. त्यात कडबाही मिळतो, जो त्या वर्षी सोन्यासारखा असतो. नाहीतर हरभरा. बियाण्यासाठी घाईत कर्ज काढू देऊ नका, आधी गावकीतून, नातेवाइकांकडून मागून बघा.

दिवाळीनंतर

इथं बहुतेक कार्यकर्ते निघून गेलेले असतात. याद्या तेव्हाच लागतात. यादीत नावासमोर विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी केली की पैसे खात्यात पडतात. म्हातारीचा अंगठा उमटत नाही, खातं आधारशी जोडलेलं नाही, नावात "बाई" आहे की नाही, अशा कारणांवर रक्कम महिनोन्‌महिने थांबते. आठवड्यातून एक दिवस ठरवून मोटारसायकलवर दोघा-तिघांना सेवा केंद्रात न्या. गारा उपसण्याइतकंच हे काम आहे, फक्त त्याचे फोटो निघत नाहीत.

भिंतीवरची पाण्याची रेघ रंगवायच्या आधी शाळेच्या, मंदिराच्या आणि भिलाटीतल्या एका भिंतीवर लाल ऑईलपेंटनं आडवा पट्टा मारून तारीख लिहा. मे महिन्यात नाल्यातली झुडपं काढायला जाल तेव्हा तो पट्टा दिसू द्या.

माझ्या त्या वहीत शेवटच्या रकान्यात अजून चार जागा रिकाम्या आहेत. त्यातली तिघं भिलाटीतली. परवा त्यातल्या एका बाईचा फोन आला, "भाऊ, अंगठा उठनाच नही, आते डोयाना फोटो लेतस म्हने." अंगठा उमटत नाही तर आता डोळ्यांचा फोटो घेतात म्हणे, म्हणून बुधवारी तिला घेऊन जायचं आहे.